गोदाघाटाचे चित्र आणि आपले न बोलणे

नाशिकमध्ये चित्रप्रदर्शनाचे उद्घाटन कसे होते, हे एकदा पाहिलेल्याला दुसऱ्यांदा पाहण्याची गरज उरत नाही. दीपप्रज्वलन होते, पाहुण्यांना शाल आणि रोपटे दिले जाते, कारण नारळाची जागा आता रोपट्याने घेतली आहे, पाहुणे ‘मला चित्रातले फारसे कळत नाही’ अशी सुरुवात करून वीस मिनिटे बोलतात, एखादे ज्येष्ठ चित्रकार समोर बसवलेल्या विद्यार्थ्याचे व्यक्तिचित्र तासाभरात रंगवून दाखवतात, त्या प्रात्यक्षिकाला मनापासून टाळ्या पडतात, आणि मग मंडळी चहाचे कप घेऊन भिंतींकडे वळतात. दाराजवळच्या टेबलावर अभिप्रायाची वही असते. ‘अप्रतिम’, ‘रंगसंगती सुरेख’, ‘अगदी हुबेहूब’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’. कितीही पाने उलटली तरी याहून वेगळा शब्द क्वचितच सापडतो.

वहीबद्दल माझी तक्रार नाही. लग्नाच्या पंगतीत कोणी भाजीत मीठ कमी असल्याचे बोलून दाखवत नाही, तसेच हे आहे. ज्याने पदरचे पैसे घालून हॉलचे भाडे भरले, फ्रेमा करून घेतल्या, निमंत्रणपत्रिका वाटल्या, त्याला पहिल्या संध्याकाळी चार गोड शब्द मिळावेत यात गैर काही नाही. तक्रार आहे ती ही, की चित्रांविषयीचे आपले सार्वजनिक बोलणे त्या वहीपाशीच संपते. त्यानंतर चित्रकलेविषयी मोठ्याने बोलले जाते ते दोनच प्रसंगी: एखादे चित्र कुठेतरी कोट्यवधींना विकले गेले म्हणजे, आणि एखाद्या चित्राने कोणाच्या तरी भावना दुखावल्या म्हणजे. पहिल्या प्रसंगी आकडा बोलतो, दुसऱ्या प्रसंगी जमाव बोलतो, आणि दोन्ही वेळा बोलणाऱ्याची चित्राकडे पाठ असते. बाजाराने आणि राजकारणाने कलेचा ताबा घेतला अशी ओरड आपण नेहमी करतो. माझे म्हणणे असे, की ही जागा त्यांना बळकवावी लागली नाही. समीक्षेने ती आधीच मोकळी करून ठेवली होती.

२०२५ सालच्या पहिल्या तीन महिन्यांत या दोन्ही प्रसंगांनी एकाच चित्रकाराला गाठले. १९१५ साली पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्या, दिल्लीतील एका प्रदर्शनात मांडलेल्या दोन चित्रांविरुद्ध तक्रार झाली होती आणि जानेवारीत तिथल्या न्यायालयाने ती चित्रे जप्त करण्याची परवानगी दिली. मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांचे १९५४ सालचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले आणि आधुनिक भारतीय चित्राला लिलावात तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत ठरली. नॉर्वेतल्या एका डॉक्टरने ते १९५४मध्येच विकत घेतले होते आणि पुढे ते ऑस्लोच्या रुग्णालयाला मिळाले, ही हकिगत वर्तमानपत्रांनी चवीने सांगितली. चित्रात काय आहे, ते मात्र जाता जाता उरकले गेले.

जवळपास चौदा फूट लांबीच्या त्या पटावर खेड्यातल्या जीवनाची तेरा दृश्ये वेगवेगळ्या चौकटींत मांडलेली आहेत. मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवून पोट भरलेल्या माणसाला खेडे सलग का दिसले नाही, असे तुकड्यातुकड्यांनी का दिसले? १९४८ साली चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्याबरोबर दिल्लीला जाऊन त्यांनी प्राचीन शिल्पे आणि लघुचित्रे पाहिली होती, त्या पाहण्याचा या चौकटींशी काय संबंध? स्वातंत्र्याला सात वर्षे झालेल्या देशात, मोठी धरणे आणि कारखाने उभे राहत असताना, जात्यापासून बैलगाडीपर्यंतच्या जगाची अशी नोंद करून ठेवावीशी वाटणे हा गौरव होता की निरोप? मला स्वतःला तो निरोपच वाटतो, आणि माझ्याशी कोणी याबाबत भांडले तर मला आनंद होईल. पण हे भांडण ११८ कोटींच्या आकड्यावरून सुरू होत नाही आणि तक्रारदाराच्या अर्जावरून तर नाहीच.

आकड्यांचाही थोडा हिशेब घेतला पाहिजे, कारण त्यांच्याविषयी आपल्याकडे भाबडेपणा फार आहे. २०२३मध्ये अमृता शेरगिल यांचे १९३७ सालचे चित्र ६१ कोटी ८० लाखांना गेले. एप्रिल २०२५मध्ये तैयब मेहता यांचे जखडलेल्या बैलाचे चित्र तेवढ्याच रकमेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचे १९७० सालचे चित्र ६७ कोटी ८ लाखांना. ही बातमी आली की आपण म्हणतो, ‘बघा, चित्रकलेला आता चांगले दिवस आले.’ कोणाला आले? हुसेन, शेरगिल, मेहता, गायतोंडे हे सगळे दिवंगत. लिलावाच्या बाजाराला हयात चित्रकारापेक्षा गेलेला चित्रकार अधिक सोयीचा असतो, कारण त्याच्याकडून आता नवा माल येणार नाही आणि तो उद्या शैली बदलून कालच्या खरेदीदाराला अडचणीतही आणणार नाही. शेरगिल यांच्याबाबत तर १९७२च्या कायद्याने त्यांच्यासह नऊ कलावंतांच्या कृती देशाबाहेर नेण्यावरच बंदी आहे. नाशिककराला हे समजावून सांगण्याची गरज नाही. गंगापूर रोडच्या प्लॉटचा भाव ज्या न्यायाने चढतो, त्याच न्यायाने हा चढतो. प्लॉटचा भाव चढला म्हणून शेतकऱ्याचे बरे चालले आहे, असे मात्र आपण म्हणत नाही.

चित्रकाराचा या चढत्या भावात काही हक्क आहे की नाही, हा प्रश्न आपल्या कायद्याने १९९४ सालीच विचारला आणि त्याचे उत्तरही दिले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कॉपीराइट कायद्यात तेव्हा घातलेल्या ५३ अ या कलमानुसार मूळ चित्र, शिल्प, रेखाटन किंवा हस्तलिखित दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या किमतीत निर्मात्याला किंवा त्याच्या वारसांना हिस्सा मागता येतो. हिस्सा किती ते ठरवून घ्यावे लागते, पण तो दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. तीस वर्षे होऊन गेली. आपल्या कलासंस्थांच्या किती सभांत या कलमाचा उच्चार झाला? कलेच्या बाजारावर टीका करणारे आपण त्या बाजाराचे नियमसुद्धा वाचत नाही. ‘पैशाने कला नासली’ हे वाक्य टाळ्या घेते. चित्रकाराचा हिस्सा मागायला अर्ज करावा लागतो.

नाशिकचा स्वतःचा बाजार याहून फार साधा आहे. चित्राची किंमत आकारावरून ठरते, फ्रेमसह की फ्रेमशिवाय एवढाच पुढचा प्रश्न असतो, आणि घेणारे बहुधा डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक किंवा एखादे हॉटेल. सोफ्याच्या रंगाशी चित्र जुळावे ही अपेक्षा मी हसण्यावारी नेत नाही, कारण तिच्यावर कित्येकांचे घर चालते. पण दोन फूट बाय तीन फुटांचे एक चित्र आणि तेवढेच दुसरे चित्र यांत फरक काय, हे सांगणारा कोणीच नसेल तर मोजपट्टी हीच समीक्षक होते. तरुण चित्रकार मुंबईच्या गॅलरीत चित्रे दाखवायला जातो, तेव्हा त्याच्या फाइलमध्ये काय असते? निमंत्रणपत्रिका, उद्घाटनाचे फोटो, ‘रसिकांचा उदंड प्रतिसाद’ असा मथळा असलेली कात्रणे. त्याच्या चित्रांत काय चालले आहे, कुठे तो अडखळतो, कुठे त्याला स्वतःचे काही सापडले आहे, याविषयी कोणी लिहिलेला एक परिच्छेदही त्याच्याजवळ नसतो.

आता गोदाघाटाकडे वळतो, कारण हा सगळा प्रश्न मला तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतो. स्थानिक चित्रकारांचे ज्यात घाटाचे एकही चित्र नाही असे प्रदर्शन मला चटकन आठवत नाही. सकाळचे कोवळे ऊन, ओल्या पायऱ्या, नारोशंकराचे देऊळ, वाळत घातलेली धोतरे, छत्र्यांखाली बसलेले फुलवाले, आणि पाण्यात थरथरणारे या सगळ्याचे प्रतिबिंब. जलरंगाला हा विषय मानवतो; कागद ओला असतानाच रंग सोडण्याचे जे कसब आपल्या चित्रकारांनी कमावले आहे, ते पाण्याच्या काठी खुलून दिसते. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकाराने जुन्या नाशिकचे वाडे, गल्ल्या आणि घाट रंगवले, तेव्हा ते पाहणे ताजे होते. आपल्या डोळ्यांसमोरच्या गावात चित्र आहे, हे त्या पिढीने नाशिकला दाखवले. त्या पाहण्याची पुढे सवय झाली आणि सवयीचा साचा झाला.

साच्यात काय बसत नाही ते पाहा. कुंडांच्या तळाशी ओतलेले काँक्रीट बसत नाही, ते काढावे म्हणून नाशिककरांनी वर्षानुवर्षे केलेला झगडा बसत नाही. पाणवेलींनी झाकलेले पात्र बसत नाही. फ्लेक्स नाहीत, उभ्या केलेल्या गाड्या नाहीत, निर्माल्याच्या पिशव्या नाहीत. चित्रकार या सगळ्यामधून वाट काढत येतो, स्टूल मांडतो, बोर्ड मांडीवर घेतो आणि हे सगळे गाळून उरलेला घाट रंगवतो. गाळणे हा चित्रकाराचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. चित्र म्हणजे महानगरपालिकेचा पंचनामा नव्हे. कचरा रंगवला म्हणून चित्र प्रामाणिक होते असेही नाही. प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग मांडून त्याला पर्यावरणाचे नाव देणारी मांडणशिल्पे मी पाहिली आहेत, आणि त्यांतला साचा जलरंगाच्या साच्याहून कमी जुनाट नव्हता. पण वीस चित्रकार जेव्हा नेमक्या त्याच गोष्टी गाळतात, तेव्हा तो एकेकट्याचा निर्णय राहत नाही, आणि मग तो कोणाचा, हे विचारणे समीक्षेचे काम ठरते.

तो काही अंशी बाजाराचा आहे. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये घाटाचे चित्र लावणाऱ्याच्या आजोबांचा वाडा बहुधा जुन्या नाशकात किंवा पंचवटीत होता, आणि तो पाडून तिथे इमारत उभी करण्याच्या कागदावर घरातल्याच सर्वांच्या सह्या आहेत. वाड्याच्या दिंडीदरवाजाचे जलरंगातले चित्र मी एका बांधकाम व्यावसायिकाच्या कार्यालयात, पाडकामाच्या नकाशांशेजारी पाहिले आहे. विनोद करण्याचा माझा हेतू नाही. आपण जे मोडले त्याचे चित्र विकत घेऊन आपण मनाची समजूत काढतो, आणि ती समजूत सोपी जावी म्हणून चित्रात मोडल्याची एकही खूण चालत नाही.

काही अंशी तो निर्णय राजकारणाचाही आहे, जरी रंगवणाऱ्याच्या ते गावीही नसले. याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि देवळाच्या दारापर्यंत कोणी यायचे, हा प्रश्न डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंनी विचारला. आमच्या जलरंगांतल्या पंचवटीत माणसे असतात ती कुंचल्याच्या दोन फटकाऱ्यांची: एक पांढरा ठिपका, एक भगवा ठिपका, खाली सावली. चेहरा नसलेल्या माणसाला जात नसते, धंदा नसतो, तक्रार नसते. जो घाट पर्यटनाच्या जाहिरातीला हवा आहे, नेमका तोच घाट आपल्या चित्रकाराने कोणीही न सांगता पुरवलेला असतो, आणि त्याला आपण ‘निव्वळ निसर्गचित्र, राजकारण नाही’ असे प्रशस्तिपत्र देतो.

राजकारण चित्राकडे उघडपणे चालून येते तेव्हा समीक्षेची ही उणीव आणखी जाणवते. १९५४ साली चित्रकार अकबर पदमसी यांच्यावर मुंबईत अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. मे २००८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हुसेन यांच्यावरचे खटले रद्द करताना नग्नतेच्या भारतीय परंपरेची सविस्तर चर्चा केली. ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सीमाशुल्क विभागाला सांगावे लागले, की प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसते. प्रकरण पुन्हा पदमसी आणि सूझा यांच्याच कृतींचे होते. या तिन्ही वेळी चित्राकडे नीट पाहण्याचे काम न्यायाधीशांनी केले. त्यांनी ते बरे केले, हे आपले भाग्य. पण जे काम वर्तमानपत्राच्या स्तंभात आणि सभागृहात व्हायचे, ते सत्तर वर्षांत तीनदा न्यायालयाच्या निकालपत्रात व्हावे, याचा अर्थ आपण चित्रकाराला साक्षीदाराविना पाठवतो. अटकेची वेळ आल्यावर निषेधाचे पत्रक काढणे सोपे असते. त्या पत्रकात बहुतेक वेळा अभिव्यक्तिस्वातंत्र्य असते, चित्र नसते.

फेब्रुवारी २०१९मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाचे उद्घाटन होते. अमोल पालेकर यांनी भाषणात, संग्रहालयाच्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या गुंडाळल्याबद्दल प्रश्न उपस्थित केला, आणि त्यांना मध्येच थांबवून बरव्यांपुरतेच बोलण्यास सांगण्यात आले. पुढे बरेच दिवस महाराष्ट्रात वाद झाला, तो व्हायलाच हवा होता, आणि माझे मत पालेकरांच्या बाजूचे आहे. कोणती चित्रे भिंतीवर लागणार हे कोण ठरवते, हा प्रश्न चित्राबाहेरचा नाही. तरीही त्या वादाच्या पुरात बरवे फारसे कोणाच्या तोंडी नव्हते. विणकर सेवा केंद्रात नोकरी केलेला, पान, घड्याळ, शिंपला अशा सामान्य वस्तूंना कॅनव्हासच्या रिकाम्या जागेत अनोळखी करून ठेवणारा, शिवाय मराठीत स्वतःच्या चित्रविचाराविषयी लिहिणारा हा माणूस त्या आठवड्यात केवळ निमित्त होता.

मालवणचे उदाहरण याहून कठोर आहे. राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा डिसेंबर २०२३मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्यानंतर गंज, नटबोल्ट, वाऱ्याचा वेग आणि ठेकेदार यांवर अख्खा महाराष्ट्र बोलला. मधल्या जवळपास नऊ महिन्यांत, शिल्प म्हणून हा पुतळा कसा आहे, असे कोणी जाहीरपणे विचारल्याचे मला आठवत नाही. नानासाहेब करमरकरांनी घडवलेला, पुण्यात १९२८ साली उभा राहिलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा समोर असलेल्या समाजाला तुलना करणे अवघड नव्हते. श्रद्धेच्या विषयावर बोलायचे नसते, या संकोचाने आपण गप्प राहिलो.

मराठीत कलेविषयी कोणी लिहिलेच नाही, असे मात्र नाही. द. ग. गोडसे, संभाजी कदम आणि स्वतः बरवे यांनी घडवलेली भाषा आपल्याजवळ आहे. ती वापरण्याऐवजी आपण इंग्रजी कॅटलॉगांतली न कळणारी वाक्ये तशीच्या तशी मराठीत आणतो, किंवा ‘रंगसंगती सुरेख’वर थांबतो. मधला रस्ता पायवाट म्हणूनही उरलेला नाही.

नेहमीचा आक्षेप मला ठाऊक आहे: नाशिक केवढेसे, सगळे एकमेकांना ओळखतात, इथे टीका करून संबंध कोण बिघडवणार? मला त्याचा अनुभवही आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनाविषयी लिहिताना, तीन चित्रे वगळता बाकीची छायाचित्रांवरून उतरवल्यासारखी वाटतात, असे मी म्हटले होते. ज्या नियतकालिकाला लेख दिला होता तिथून प्रेमाने विचारणा झाली, ‘तेवढ्या दोन ओळी काढू या का?’ लेखात त्या दोन ओळींशिवाय काही नव्हते. मी त्या काढू दिल्या. तेव्हा या गप्प बसण्यात माझाही वाटा आहे, आणि तो इथे नोंदवून ठेवतो.

पण हा आक्षेप टिकत नाही, कारण याच शहरात तो नाटकाच्या बाबतीत कोणी घेत नाही. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आपल्याकडे सुरू असते तेव्हा सकाळच्या वर्तमानपत्रात आदल्या रात्रीच्या प्रयोगाचे परीक्षण येते. दुसरा अंक रेंगाळला, प्रकाशयोजना चुकली, अमुक नटाचे शब्द ऐकू आले नाहीत, असे नावानिशी छापले जाते. कलावंत चिडतात, चहाच्या टपरीवर त्या परीक्षणाची चिरफाड होते, आणि पुढच्या वर्षी तोच संघ पुन्हा उतरतो. संबंध बिघडतात ते थोडे दिवस. हौशी नट जे सोसू शकतो ते कलाशिक्षणाची पदविका घेतलेल्या चित्रकाराला सोसणार नाही, असे समजणे त्याचा अपमान आहे. फरक स्वभावाचा नसून व्यवस्थेचा आहे: नाटकाचे परीक्षण छापण्याची जागा ठरलेली आहे, चित्राच्या परीक्षणाची नाही. ती जागा कलासंस्थांनी आणि वर्तमानपत्रांनी द्यावी, लिहिणाऱ्याला मानधन द्यावे, आणि ते मानधन चित्रकाराच्या खिशातून येऊ नये. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्यावाचून परीक्षणाची जाहिरात व्हायला वेळ लागत नाही.

यासाठी २०२६-२७च्या सिंहस्थाहून चांगले निमित्त नाही. सुशोभीकरणाच्या नावाखाली भिंती रंगवल्या जातात, तेव्हा काय रंगवले जाते हे सर्वांनी पाहिले आहे: देवादिकांचे मोठे चेहरे आणि उड्डाणपुलाच्या खांबांवर छाप्याने उमटवलेली वारली माणसे. वारली चित्रकलेला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पेठ आणि सुरगाण्याच्या रस्त्याला लागले की तिच्या प्रदेशाची हद्द दूर नाही. पण खांबांवरच्या त्या नाचाखाली रंगवणाऱ्याचे नाव शोधून पाहावे. सार्वजनिक पैशाने सार्वजनिक भिंतीवर जे येणार आहे त्याची रेखाटने आधी लोकांपुढे मांडली जावीत, निवडणाऱ्यांनी आपली कारणे लिहून द्यावीत, आणि त्यांवर टीका करण्याची मोकळीक असावी, ही मागणी अवाजवी नाही.

बोलण्यासाठी नवे सभागृह बांधण्याचीही गरज नाही. दर मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला भरते, आणि अर्थकारणापासून अध्यात्मापर्यंत कोणत्याही विषयावर नाशिककर तिथे उकाड्यात तास दीड तास ऐकत बसतात. त्यातली एक संध्याकाळ घाटाच्या चित्रांना द्यावी. गेल्या पन्नास वर्षांत रंगवलेली वीस पंचवीस चित्रे पडद्यावर दाखवावीत, चित्रकारांना पहिल्या रांगेत बसवावे, आणि प्रत्येक चित्रात काय घेतले आणि काय गाळले यावर श्रोत्यांना बोलू द्यावे. ताडून पाहायला कुठे जावे लागणार नाही. मान वळवली की घाट तिथेच आहे.